शार्कची ओळख परेड

मुशीच्या, म्हणजे आपल्या बाजारात येणाऱ्या शार्कच्या, शेपटीच्या बुडाशी, पाठीकडच्या बाजूला, एक लहानसा खळगा असतो. बाजारात मासळी घेताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. जायचं कारणही नाही. आपण तुकडे मोजत असतो आणि कोळीण पैसे. पण बोट फिरवलं तर तो चटकन लागतो. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या बहुतेक करड्या शार्कमध्ये हा खळगा आडवा, चंद्रकोरीच्या आकाराचा असतो. नदीमुखांत राहणारा 'ग्लायफिस' नावाचा एक दुर्मीळ गट आहे, त्याच्यात मात्र तो उभा, म्हणजे अंगाच्या लांबीच्या दिशेने असतो. एवढ्याशा फरकावर एखाद्या प्राण्याचं नाव ठरतं.

फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर बोटीतून उतरलेल्या मालात संशोधकांना अशीच एक मादी दिसली. लांबी अंदाजे २६६ सेंटिमीटर, म्हणजे पावणेनऊ फूट. डोळे बारीक, पाठीवरचा दुसरा पर पहिल्याच्या साधारण निम्म्या उंचीचा, आणि शेपटीजवळचा खळगा उभा. गंगा शार्क! शास्त्रीय नाव 'ग्लायफिस गँजेटिकस'. त्याआधीची दहाएक वर्षं हा मासा कुठे नोंदलाच गेला नव्हता. २०१८ साली त्याची नोंद शोधपत्रिकेत छापून आली. गोदीत रोज टोपल्यांवर टोपल्या उतरतात, बर्फ फोडला जातो, लिलाव पुकारले जातात. त्या गर्दीत हा मासा इतर मोठ्या मुश्यांबरोबर तुकडे होऊन सहज निघून गेला असता. असे किती गेले असतील याचा हिशेब कुणाकडेच नाही.

या गंगा शार्कची जुनी ओळख मात्र नरभक्षक अशी. १९व्या शतकात हुगळीच्या घाटांवर स्नानाला उतरलेल्या माणसांना शार्क चावल्याच्या हकिकती आहेत, आणि त्या सगळ्या याच्या नावावर चढल्या. गंगेत शार्क, म्हणजे गंगा शार्कच, असा सरळ हिशेब. आज अभ्यासकांचा संशय दुसऱ्याच माशावर आहे. बुल शार्क नावाचा एक दणकट, बोथट तोंडाचा गडी खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात बिनदिक्कत शिरतो, आणि लांबून पाहिलं तर तो गंगा शार्कसारखाच दिसतो. दोघांनाही म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी नाव दिलं, तेही १८३९च्या सुमारासच. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं एकाच्या करणीचं खापर दुसऱ्याच्या माथी फुटत राहिलं.

किनाऱ्यावर दिसलेला किंवा सापडलेला शार्क नेमका कोणता हे ठरवणं म्हणजे हौशी लोकांचा खेळ, असं वाटू शकतं. मला तो पंचनाम्याचा भाग वाटतो. समुद्रात माणसाला इजा झाली की कुणाला तरी पकडायचं असतं, कुणाला तरी मारायचं असतं, आणि हा कुणीतरी नेहमी नावावरून निवडला जातो. नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला शार्क कधी अख्खा दिसत नाही. पाण्यावर काळपट त्रिकोण आला, सरकला, गेला, एवढंच. तारकर्लीला, गुहागरला, दापोलीजवळच्या मुरूडला किंवा गोव्यात कांदोळीला असा त्रिकोण दिसला तर तो बहुधा डॉल्फिनचा. आपल्या किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनच्या पाठीवर मदार असते आणि मदारीच्या माथ्यावर छोटासा पर. तो श्वासाला वर येतो, त्यामुळे पर पाण्यातून उगवतो, कमान करतो आणि पुन्हा बुडतो. शार्कला वर येण्याची गरज नसते. त्याचा पर दिसलाच तर एका पातळीत सरकत जातो, आणि नशीब असेल तर त्याच्यामागे दोनेक हातांवर शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं. एका ओळीत मागेपुढे दोन टोकं असली तर बहुतेक एकच शार्क. शेजारी शेजारी दोन टोकं वर येऊन वळत असली तर ते पाकटाचे दोन पंख. पृष्ठभागाजवळ पोहणाऱ्या पाकटांनी आजवर कितीतरी लोकांना 'दोन शार्क' दाखवले आहेत. आणि नुसतीच गुळगुळीत करडी पाठ चमकून गेली, पर नाहीच, तर ते बिनपराचं पॉरपॉइज. डॉल्फिनचाच भाऊबंद, पण लाजरा.

पूर्ण शेपटी दिसली तर वादच मिटतो. माशाची शेपटी उभी, देवमासा आणि डॉल्फिनची आडवी. व्हेल शार्क चाळीस फुटांचा झाला तरी शेपटी उभीच, कारण तो मासा आहे.

आता हातात आलेल्या शार्ककडे वळू. मालवण, देवबाग, तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते तेव्हा पर्यटक भोवती जमतात. जाळ्याच्या पोटात पेडवे, बांगडे, सुंगटं यांच्यामध्ये हातभर लांबीची एखादी मोरी, म्हणजे मुशीच, तडफडत असते आणि गर्दीतून हमखास आवाज येतो, "शार्कचं पिल्लू!" बऱ्याचदा ते पिल्लू नसतं, आजी असते. चपट्या, फावड्यासारख्या तोंडाची ही मुशी म्हणजे 'स्कोलिओडॉन'. मुंबईच्या डोल जाळ्यांपासून खाली कोकणापर्यंत सगळीकडे मिळते. हिची खूण तोंडापेक्षाही पाठीवर आहे. पहिला पर इतका मागे असतो की छातीच्या परांपेक्षा पोटाखालच्या परांना जवळ पडतो. फूटभर लांबीला ती वयात येते आणि दोन-सव्वादोन फुटांपलीकडे सहसा वाढत नाही. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा अंड्यात पिल्लाला पुरेल असं काही नसतं, म्हणून आईच्या पोटात नाळ तयार होते आणि पिल्लं त्या नाळेवर पोसली जातात. मासा असून बाळंतपण सस्तन प्राण्यासारखं. ज्यांनी घरी मोरी साफ केली आहे त्यांच्या हाताला कधी ना कधी तिच्या पोटातली पिल्लं लागलेली असतात.

याच रापणीत याच लांबीचं दुसरं काहीतरी येतं आणि ते खरोखर पिल्लू असतं. कानमुशी, म्हणजे हातोडी डोक्याचा शार्क, जन्मतः दीड फुटाच्या आसपास असते. तिच्या माद्या उथळ पाण्याकडे येऊन पिल्लं देतात. पिल्लू उलटं करून छातीच्या दोन परांच्या मधे पाहावं. तिथे बारीक उभी चीर दिसली, अजून न बुजलेली, तर ती नाळेची खूण, म्हणजे बेंबीच. जन्म होऊन फार दिवस झालेले नाहीत. पोटाखालच्या परांना आतल्या अंगाने दोन कांड्या लटकत असतील तर नर, नसतील तर मादी. शार्कच्या बाबतीत हे एक काम देवाने सोपं करून ठेवलं आहे. म्हणजे एकाच जाळ्यात, एकाच मापाचे दोन शार्क: एकीला पिल्लं होऊन गेलेली, दुसऱ्याची बेंबी ओली. लांबीवरून वय सांगणाऱ्याने इथे गप्प बसावं.

कानमुशीतही प्रकार आहेत आणि त्यांतले तीन मोठे डोक्याच्या पुढच्या कडेवरून ओळखतात. कड कमानदार आणि बरोबर मध्यावर खाच असेल तर तो 'स्कॅलप्ड हॅमरहेड', आपल्याकडे जास्त येणारा आणि जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरलेला. कमान आहे पण मध्यावर खाच नाही, तो 'स्मूथ'. कड जवळजवळ सरळ आणि पाठीवरचा पर कोयत्यासारखा उंच, तो 'ग्रेट', सगळ्यांत थोरला.

सोपं इथेच संपतं. पुढे येतात ते 'कार्कारायनस' वंशातले करडे शार्क, आणि त्यांनी तज्ज्ञांनाही रडवलं आहे. परांना काळी टोकं आहेत म्हणून 'ब्लॅकटिप' म्हणावं तर काळ्या टोकांचे निदान चार-पाच प्रकार आपल्याच पाण्यात आहेत. प्रवाळांत फिरणाऱ्या ब्लॅकटिपच्या पाठीवरच्या काळ्या टोकाखाली पांढुरका पट्टा असतो. साध्या ब्लॅकटिपचा गुदद्वाराजवळचा पर पांढरा राहतो. स्पिनर शार्कच्या त्याच पराला काळं टोक येतं, पण मोठेपणी. पिल्लांना ते नसतंच. मग उरतो बोटाचा उपाय. पाठीवरच्या दोन परांच्या मधल्या कातडीवरून बोट फिरवायचं. काहींच्या पाठीवर तिथे बारीक उभारलेली कडा लागते, काहींची पाठ सपाट असते. 'स्पॉटटेल'ला कडा आहे. ब्लॅकटिप, स्पिनर, बुल यांना नाही. आणि बुल शार्क की त्याचा चुलतभाऊ 'पिगआय', हा प्रश्न आला तर टेप काढावी लागते. पहिल्या पराची उंची दुसऱ्याच्या ३.१ पटींपेक्षा कमी भरली तर बुल, जास्त भरली तर पिगआय. दोन सेंटिमीटरच्या फरकावर नाव बदलतं. वाळूवर उभं राहून "तो बुल शार्कच होता" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला ही टेप दाखवावी.

तरीही बुल शार्कबद्दल एक खूण मदतीला येते: ठिकाण. शार्कच्या रक्तात युरिया भरपूर असतो, त्यामुळे समुद्राचं खारं पाणी त्यांना सोसतं. गोड्या पाण्यात हाच युरिया बाहेरचं पाणी आत ओढून घेतो आणि बहुतेक शार्क तिथे टिकत नाहीत. बुल शार्क मात्र रक्तातला युरिया कमी करतो, मूत्रपिंडावाटे पातळ लघवी भरभर बाहेर टाकतो आणि नदीत निवांत वर चढतो. निकाराग्वाच्या गोड्या सरोवरातल्या शार्कना कित्येक वर्षं वेगळी जात समजत. १९६०च्या दशकात त्यांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडलं, तर तेच शार्क सान व्हान नदीतून समुद्रात ये-जा करताना सापडले. बुल शार्कच होते.

फेब्रुवारी २०२४मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाचा लचका मोठ्या शार्कने तोडला आणि त्याला पाय गमवावा लागला. मनोर मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं गाव. तिथून समुद्र दिसतही नाही. बातम्यांमध्ये तो बुल शार्क असल्याचं आलं. "इतक्या आत शार्क आलाच कसा?" असं सगळीकडे विचारलं गेलं. भरतीचं पाणी जिथवर जातं तिथवर तो जातो आणि त्याच्याही पुढे जातो, हे उत्तर खाडीकाठच्या जुन्या लोकांना नवं नव्हतं.

हाच प्रश्न १९१६ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत विचारला गेला होता आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात १ जुलैला बीच हेवन या किनाऱ्यावर चार्ल्स व्हॅन्सन्ट नावाचा तरुण शार्कच्या चाव्याने मरण पावला. ६ जुलैला सत्तरेक किलोमीटर उत्तरेला स्प्रिंग लेकला तिथल्या हॉटेलातला नोकर चार्ल्स ब्रूडर गेला. आणि १२ जुलैला, आणखी वर, मॅटवान नावाच्या खाडीत, म्हणजे गावातली पोरं डुंबायची त्या अरुंद, गढूळ पाण्यात, लेस्टर स्टिलवेल नावाचा मुलगा ओढला गेला. त्याला शोधायला उतरलेला स्टॅन्ली फिशरही वाचला नाही. त्याच दिवशी खाडीत आणखी एका मुलाचा पाय फाटला, तो मात्र जगला. त्या दुपारी एका म्हाताऱ्या कप्तानाने पुलावरून पाण्यात शार्क पाहिला होता आणि गावभर ओरडून सांगितलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही.

न ठेवण्याचं कारण होतं. समशीतोष्ण पाण्यात शार्क जिवंत माणसाला चावत नाही, असं तेव्हाचे जाणते लोक मानत. हर्मन ओएलरिक्स नावाच्या धनिकाने १८९१ साली, असा हल्ला सिद्ध करून दाखवा आणि ५०० डॉलर न्या, अशी पैजच लावली होती. पंचवीस वर्षं ती रक्कम न्यायला कुणी आलं नाही. त्यामुळे पहिल्या मृत्यूनंतर शार्क सोडून इतर सगळ्यांवर संशय गेला. किलर व्हेल झाला, समुद्री कासवही झालं. मॅटवाननंतर मात्र पारडं एकदम फिरलं. लोकांनी खाडीत डायनामाइट उडवला, बंदुका झाडल्या आणि किनाऱ्यावर दिसेल तो शार्क मारला.

१४ जुलैला मायकेल श्लायसर याने खाडीच्या तोंडाजवळ रॅरिटन उपसागरात साडेसात फुटांचा, ३२५ पौंडांचा शार्क पकडला. श्लायसर न्यूयॉर्कचा प्राण्यांत पेंढा भरणारा कारागीर, आधी सर्कशीत सिंह खेळवणारा. म्हणजे अशा माणसाच्या हाती हा मासा लागणं बातमीदारांनाही सुचलं नसतं. त्याने पोट फाडलं तर आत मांस आणि हाडं निघाली. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या शास्त्रज्ञांनी ती माणसाची ठरवली आणि मासा ग्रेट व्हाइटचं तरुण पोर असल्याचं सांगितलं. श्लायसरने त्यात पेंढा भरून तो मॅनहॅटनमधल्या दुकानाच्या काचेत मांडला. पुढे तो कुठे गेला कळत नाही. वर्तमानपत्रात छापलेला एक फोटो तेवढा उरला.

आता इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि शंभर वर्षं लोक त्यांची सरमिसळ करत आले आहेत. श्लायसरने पकडलेला मासा कोणता, हा पहिला. याचं उत्तर फारसं वादग्रस्त नाही. ग्रेट व्हाइटच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना आडवी जाड कड असते, शेपटीचे वरचे-खालचे भाग जवळपास सारखे, कुशीवर करडा रंग जिथे संपतो तिथे पांढरा एकदम सुरू होतो आणि दात रुंद, त्रिकोणी, करवती कडांचे. मासा हातात असताना बुल शार्कशी गोंधळ होण्याचं कारण नाही. दुसरा प्रश्न असा की त्या चारही माणसांना मारणारा तोच का? पोटात हाडं सापडली म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही. वाहत आलेलं प्रेत खाणारे शार्क पुष्कळ. अरुंद, निमखाऱ्या खाडीत शिरण्याची सवय बुल शार्कची, ग्रेट व्हाइटची नाही. उलट, न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात ग्रेट व्हाइटची पिल्लं वाढतात हे अलीकडे लाँग आयलंडपाशी खुणा लावलेल्या पिल्लांवरून दिसून आलं आहे, तेव्हा तिथे तो मिळणं नवलाचं नव्हतंच. मला विचाराल तर समुद्रातले दोन मृत्यू आणि खाडीतले दोन, या दोन वेगळ्या फाइली आहेत. त्या एकत्र बांधल्या गेल्या कारण मासा एकच सापडला.

त्या एकाच माशातून पुढे एक सिद्धांत जन्मला: माणसाच्या रक्ताची चटक लागलेला एकटा चोरटा शार्क किनाऱ्या-किनाऱ्याने फिरतो. सिडनीचे शल्यचिकित्सक व्हिक्टर कोपलसन यांनी तो मांडला आणि गाजवला. पीटर बेंचली यांची 'जॉज' कादंबरी १९७४ साली आली, पुढच्या वर्षी स्पीलबर्गचा सिनेमा आला आणि तो चोरटा शार्क घराघरांत पोचला. आज शार्कचे अभ्यासक हा सिद्धांत मानत नाहीत. गंमत अशी की पुराव्याकडे बारकाईने पाहण्याचा उत्तम धडाही याच कोपलसन यांनी घालून दिला होता.

एप्रिल १९३५. सिडनीच्या कूजी किनाऱ्याजवळ पकडलेला मोठा टायगर शार्क तिथल्या मत्स्यालयाच्या तलावात ठेवला होता. आठवडाभरात तो आजारी पडला आणि २५ एप्रिलला, सुट्टीच्या गर्दीसमोर, त्याने माणसाचा एक अख्खा हात ओकला. मनगटाला दोरी बांधलेली, दंडाखाली दोन मुष्टियोद्ध्यांचं गोंदण. शार्कची ओळख पटवायला कुणाची गरज नव्हती: बोथट चौकोनी तोंड, अंगावर पुसट पट्टे, आणि दात असे की टोक एका बाजूला झुकलेलं, मागे खोल खाच. टायगर शार्कचे दात एकदा पाहिले की विसरत नाहीत. काय मिळेल ते गिळण्याबद्दलही तो बदनाम. खटला तिथेच संपला असता. पण कोपलसन यांनी हात तपासून सांगितलं की तो चावून तुटलेला नाही, सुरीने कापलेला आहे. गोंदणावरून आणि बोटांच्या ठशांवरून तो जेम्स स्मिथ नावाच्या माजी मुष्टियोद्ध्याचा निघाला आणि पोलीस समुद्र सोडून सिडनीच्या गुन्हेगारांकडे वळले. खुनाबद्दल शिक्षा शेवटी कुणालाच झाली नाही, पण शार्क निर्दोष सुटला. अर्थात तोवर त्याला मारून झालं होतं.

दोन वर्षांनी, १९३७ साली, सिडनीच्या किनाऱ्यांवर शार्कसाठी जाळी लावायला सुरुवात झाली. न्यूकॅसल ते वोलाँगाँगपर्यंतचे ५१ किनारे पुढे या कार्यक्रमात आले. लोकांना वाटतं की ही जाळी म्हणजे किनाऱ्याला घातलेलं कुंपण. तसं नाही. एक जाळं १५० मीटर लांब, ६ मीटर उंच. दोन्ही बाजूंनी आणि वरूनही मोकळं. हेतू कुंपणाचा नव्हताच, आसपासच्या शार्कची संख्या कमी करण्याचा होता. जाळ्यात जे अडकेल त्याची नोंद करायची, पण जुन्या नोंदींत कितीतरी करडे शार्क 'व्हेलर' या एकाच शब्दाखाली टाकलेले आहेत. कोण अडकलं हेच नीट लिहिलेलं नसेल तर जाळ्यांनी कुणाला कमी केलं हे सांगणार कसं?

चुकीच्या ओळखीची सगळ्यांत मोठी किंमत तिथे ग्रे नर्स शार्कने मोजली. हा मासा दिसायला भयंकर. तोंड मिटलेलं असतानाही लांब, बारीक, सुळ्यांसारखे दात ओठांबाहेर. तो पाण्यावर येऊन हवा गिळतो, ती पोटात धरतो आणि गुहांच्या तोंडाशी जवळजवळ स्थिर तरंगत राहतो, त्यामुळे माणसाला तो दबा धरून बसल्यासारखा वाटतो. माणसं मारणारा म्हणून त्याची ख्याती झाली. १९५० आणि ६०च्या दशकांत भाले घेऊन पाण्यात उतरणाऱ्या शिकाऱ्यांनी त्याला मोठ्या संख्येने टिपलं. न हलणाऱ्या प्राण्यावर शौर्य गाजवणं सोपं. वास्तविक त्याचे दातच त्याची साक्ष देत होते. बारीक, गुळगुळीत, कडांना करवत नाही: निसटता मासा धरून ठेवायचा आणि अख्खा गिळायचा, एवढंच त्यांचं काम. मोठ्या सावजाचा लचका तोडायला रुंद करवती दात लागतात. ओळखण्याची आणखी एक खूण सरळ आहे: पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ सारखेच मोठे आणि पहिला बराच मागे. १९८४ साली न्यू साउथ वेल्सने त्याला कायद्याचं संरक्षण दिलं. जगात असं संरक्षण मिळालेला हा पहिला शार्क.

शहाणपण त्यानंतर आलं असं समजू नये. २०१४ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियात काही जीवघेण्या हल्ल्यांनंतर सरकारने पर्थच्या आसपास आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यांजवळ आमिष लावलेले मोठे गळ टाकले. रोख मुख्यतः ग्रेट व्हाइटवर होता. तीनेक महिन्यांत १७२ शार्क गळाला लागले, त्यांतले ६८ मेले. बहुतेक सगळे टायगर शार्क. ग्रेट व्हाइट एकही नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये आता वेगळे गळ वापरतात. शार्क लागला की फोनवर संदेश जातो, माणसं बोटीने पोचतात, जात ओळखतात, पट्टी लावतात आणि मासा आत समुद्रात नेऊन सोडतात. वरून ड्रोन फिरतात. ड्रोनवाल्याला पर दिसत नाही. त्याला खांद्यात रुंद, शेपटीकडे निमुळता आकार दिसतो, नाहीतर हातोडी दिसते, नाहीतर शांत पसरलेलं पाकट दिसतं. पाणी काचेसारखं असेल तर हे काम सुरेख चालतं. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी, गाळाने तपकिरी झालेल्या पाण्यावर ड्रोन उडवून शेजारच्या हॉटेलचं छप्पर तेवढं छान दिसेल.

आपल्याकडे शार्क ओळखण्याची गरज वेगळ्या कारणाने आहे. पोहणाऱ्यांना धोका फार कमी. कोकणात दरवर्षी माणसं बुडतात ती भरतीच्या ओढीने आणि दारू पिऊन पाण्यात उतरल्याने. पण कायदा नावावर चालतो. व्हेल शार्क २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच वर्षी गंगा शार्क आणि पाँडिचेरी शार्कही त्यात गेले, आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्याची शिक्षा तीन ते सात वर्षं. व्हेल शार्क ओळखायला शिकावं लागत नाही. पाठीवर पांढरे ठिपके, बोटीएवढं अंग. गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी त्याची मोठी शिकार होई. २००४ साली मोरारी बापूंनी त्याला माहेरी आलेली लेक म्हटलं आणि मच्छीमार जाळी कापून त्याला सोडू लागले. पाँडिचेरी शार्कला मात्र अशी कुठलीही सोय नाही. तो जेमतेम तीन-चार फुटांचा, परांना काळी टोकं असलेला करडा मासा, म्हणजे वर सांगितलेल्या चार-पाच काळ्या टोकांच्या शार्कसारखाच. पहाटे तीन वाजता हलत्या बोटीवर टॉर्चच्या उजेडात बोटीच्या तांडेलाने तो ओळखावा आणि सोडावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. संग्रहालयात बसून पुस्तक उघडलं तरी अर्धा तास लागेल.

डोकं आणि पर कापलेले असतील तर पुस्तकाचाही उपयोग नाही. उरलेलं धड कुणाचं हे मग पेशींतल्या डीएनएवरूनच ठरतं. २०१३ साली केंद्राने पर अंगाला जोडलेले असतानाच शार्क किनाऱ्यावर आणण्याचा नियम केला तो पर कापून जिवंत धड समुद्रात फेकण्याचा प्रकार थांबावा म्हणून. पण त्याचा एक फायदा असा झाला की गोदीत उतरलेल्या माशाला निदान ओळखता येण्याजोगा चेहरा राहिला.

मग सुट्टीत किनाऱ्यावर गेलेल्या तुमच्या-माझ्यासारख्याने काय करावं? फोटो काढावा, पण नेहमीचा नव्हे. आपण सगळे उघड्या जबड्यासमोर उभं राहून फोटो काढतो आणि त्यातून कळतं ते एवढंच की जबडा उघडा आहे. अख्खा मासा एका कुशीवरून, दोन्ही पर आणि शेपटी दिसेल असा घ्यावा. मापाला शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवावी. मग डोकं खालच्या बाजूने, म्हणजे तोंडाचा घेर आणि नाकपुड्या येतील. मग पाठीवरच्या दोन परांमधली जागा, जवळून. मग शेपटीचं बूड, वरून आणि बाजूने. गुदद्वाराजवळच्या पराचं टोक विसरू नये. जिल्हा आणि खाडीचं नाव लिहून ठेवावं. असे पाच-सहा फोटो असले की घरी बसलेला अभ्यासक बहुतेक वेळा नाव सांगू शकतो.

मच्छीमारासाठी तर फोटोला रोख किंमत आहे. महाराष्ट्रात २०१८पासून, जाळ्यात आलेला संरक्षित समुद्री प्राणी जाळं कापून सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची सोय आहे आणि पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रण लागतं. रात्री मोबाइल कोरडा ठेवून, एका हाताने जाळं धरून, दुसऱ्या हाताने ते चित्रण करायचं असतं. ही अट ज्याने लिहिली त्याला एकदा डोलीवर नेलं पाहिजे.

आणि दात मोजायचे असतील तर काठीने ओठ वर करावा, बोटाने नाही. शार्क मेल्यावरही त्याचा जबडा काही काळ मिटू शकतो.